मुलीने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावे का? एआयमुळे सॉफ्टवेअर इंजिनिअरांची गरज खरोखर कमी होणार आहे का?

जकार्डवाला

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत माझा चादरी आणि टॉवेलांचा लहानसा कारखाना आहे. थोरल्या मुलीची बारावी झाली, सीईटीला गुण चांगले पडले आणि तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच हवे आहे. पसंतीक्रम भरायला आठ-दहा दिवस उरले असताना घरात मात्र एकमत होत नाही. माझा मेहुणा पुण्यात आयटीमध्ये आहे आणि तोच सांगतो आहे, की आता कोड यंत्र लिहिते, चार वर्षांनी ही मुले बाहेर पडतील तेव्हा त्यांना कोण विचारणार?

मला ही भीती उडवून लावता येत नाही, कारण असे एक कौशल्य संपताना मी घरातच पाहिले आहे. माझे वडील जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, पत्ते पाडत. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढायची आणि मग बाण्याच्या (आडव्या) एकेका धाग्यासाठी पुठ्ठ्याचा एकेक पत्ता घेऊन, नक्षीप्रमाणे जिथे ताण्याचा (उभा) धागा उचलायचा तिथे भोक पाडायचे. मोठ्या नक्षीला हजारावर पत्ते लागत. ते दोऱ्याने क्रमवार ओवून त्यांची माळ मागावर चढवली जाई. एक भोक चुकले, तर मोराच्या मानेवर प्रत्येक चादरीत त्याच जागी ठिपका उमटे. आज आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहे, नक्षी संगणकावर तयार होते आणि पेन ड्राइव्हवरून मागावर जाते. पत्ते पाडणारा माणूस आमच्या गल्लीत एकही उरलेला नाही.

म्हणून जाणकारांना माझा प्रश्न असा आहे, की सॉफ्टवेअर इंजिनिअर हा पत्ते पाडणारा आहे की नक्षी काढणारा? कृपया धीर देण्यासाठी लिहू नये, जे दिसते आहे ते लिहावे.

हिंजवडीतला_सोलापूरकर

अण्णा, मी सोलापुरातच शिकलो आणि गेली चौदा वर्षे हिंजवडीत नोकरी करतो आहे. धीर न देता लिहायचे, तर गरज कमी होणार, असेच माझे मत आहे.

पाच वर्षांपूर्वी आमच्या गटात अकरा जण होते. त्यांत दोन अनुभवी, चार मधल्या फळीतले आणि पाच अगदी नवे. आज त्याच ग्राहकाचे तेवढेच काम सहा जण करतात. कोणालाही काढलेले नाही. दोघे सोडून गेले, तिघांची दुसऱ्या प्रकल्पावर बदली झाली आणि त्यांच्या जागी नवे कोणी आले नाही, एवढेच. एखाद्या फॉर्ममध्ये रकाना वाढवणे, अहवालाची मांडणी बदलणे, कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या लिहिणे, जावा या भाषेतला जुना कोड नव्या आवृत्तीवर नेणे, ही कामे पूर्वी नव्या मुलांना देत आणि ती करता करताच ती मुले तयार होत. आता तीच कामे एक अनुभवी माणूस एआयकडून दुपारच्या जेवणापर्यंत करून घेतो.

गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्येच सांगितले होते, की त्यांच्याकडचा पाव भागाहून अधिक नवा कोड एआय तयार करते आणि मग इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. तपासणारा लागतोच, याबद्दल दुमत नाही. परंतु दहा लिहिणाऱ्यांच्या जागी दहा तपासणारे लागत नाहीत.

सातरस्ता

वरच्या प्रतिसादातले ‘त्यांच्या जागी नवे कोणी आले नाही’ हे वाक्य पालकांनी पुन्हा वाचावे. नोकरी गेल्याची बातमी होते, न निघालेल्या जागेची होत नाही.

बँकेतील_निवृत्त

मला हे मत एकांगी वाटते. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे काढली. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, तेव्हा संघटनेच्या द्वारसभेत मी स्वतः संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या आहेत. लेजरवर हाताने व्याज लावायचे आणि दिवसाचा ताळा एका रुपयाने जुळला नाही तर रात्री नऊपर्यंत बसायचे, हे आमचे काम होते. ते काम गेले तर आम्ही गेलो, असे आम्हाला मनापासून वाटत होते. प्रत्यक्षात संगणक आले, आमच्यापैकी कोणाचीही नोकरी गेली नाही, आणि शाखा, खाती, कर्जे सगळे काही वाढले.

जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवले होते. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली, त्यामुळे अधिक लोकांना ती परवडू लागली आणि कोळशाचा एकूण खप वाढला. सॉफ्टवेअर बनवणे स्वस्त झाले, तर आज ज्यांना ते परवडत नाही असे शेकडो लोक मागणी करतील. आपल्याच शहरात किती दुकाने आणि कारखाने अजून वहीवर चालतात ते पाहा.

हिंजवडीतला_सोलापूरकर

काका, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु त्याचा पुढचा भागही सांगावा लागेल. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारकुनांची भरती जवळजवळ थांबली होती. आपली नोकरी टिकली, पण आपल्यानंतर रांगेत उभ्या असलेल्यांचे काय झाले? अण्णांची मुलगी त्या रांगेत आहे.

पदवी_२०२५

मी त्याच रांगेत आहे. गेल्या वर्षी सोलापुरातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पूर्ण केले. सातव्या सत्रातच एका मोठ्या कंपनीचे नियुक्तीपत्र मिळाले होते, तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. रुजू होण्याची तारीख तीनदा पुढे ढकलली गेली आणि आता माझ्या ईमेललाही उत्तर येत नाही. दरम्यान मी सात वेळा हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे निघून पुण्याला मुलाखतीसाठी गेलो आणि रात्री परत आलो. प्रत्येक ठिकाणी किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो अनुभव मिळण्याची जागाच उरलेली नसेल, तर आम्ही तो आणायचा कोठून, एवढेच मला विचारायचे आहे. माझे शिक्षण वाया गेले असे मला वाटत नाही, परंतु घरी रोज कोणीतरी तारीख विचारते आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसते.

बँकेतील_निवृत्त

बाळ, तुझा प्रतिसाद वाचून मला माझेच लिहिणे अपुरे वाटले. २००१ मध्ये बँकांची भरती मंडळे बरखास्त झाली, तेव्हा माझा पुतण्या बी.कॉम. होऊन परीक्षेची तयारी करत होता. तीन वर्षे त्याने जाहिरातीची वाट पाहिली आणि अखेर नवी पेठेतील एका दुकानात हिशेब लिहायला लागला. मी मात्र त्या काळात संगणकाने कोणाचेही नुकसान केले नाही असे सर्वांना सांगत होतो. हिंजवडीकरांचा आक्षेप मी मान्य करतो. मागणी वाढेल हे माझे म्हणणे कायम आहे, पण ती ज्या वर्षी वाढेल त्या वर्षापर्यंत कोण कसे तग धरणार, याचे उत्तर जेव्हन्सकडे नाही.

आकडेमोड

अनुभवांच्या जोडीला काही आकडे ठेवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एरिक ब्रिनयॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील वेतननोंदींवरून एक अभ्यास मांडला. एआयचा सर्वाधिक प्रभाव पडू शकेल अशा व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाच्या रोजगारात इतरांच्या तुलनेत १३ टक्के घट त्यांना दिसली. सॉफ्टवेअर डेव्हलपरांमध्ये तर त्या वयोगटाचा रोजगार २०२२ अखेरच्या उच्चांकापेक्षा जवळपास २० टक्के खाली आला होता. त्याच क्षेत्रातील अधिक वयाच्या लोकांचा रोजगार मात्र टिकला किंवा वाढला. म्हणजे ‘पदवी_२०२५’ यांनी जे लिहिले आहे ते केवळ त्यांचे दुर्दैव नाही.

तरीही सगळा दोष एआयच्या माथी मारणे मला पटत नाही. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले, आणि चॅटजीपीटी याच काळात, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले. करोनाच्या काळात कंपन्यांनी गरजेपेक्षा अधिक भरती केली होती आणि पैसा महाग होताच ती थांबली. संशोधकांनी हे परिणाम वेगळे काढण्याचा प्रयत्न केला आहे, पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की त्यांची वाटणी पुरती होत नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के, जागा कमी करण्याचे जाहीर केले. त्या मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतल्या होत्या, आणि एआयमुळे नव्हे तर कौशल्यांचा मेळ बसत नसल्यामुळे हे करावे लागत असल्याचे कंपनीने सांगितले.

अण्णांच्या मूळ प्रश्नाशी सर्वांत जवळची गोष्ट अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२४ ते २०३४ च्या अंदाजात आहे. तिथे ‘प्रोग्रामर’ आणि ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ हे दोन वेगळे व्यवसाय धरतात. प्रोग्रामर म्हणजे दुसऱ्याने ठरवून दिलेल्या आराखड्याचा कोड करणारा. त्यांची संख्या ६ टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. डेव्हलपर म्हणजे काय बनवायचे ते समजून घेऊन आराखडाही करणारा. डेव्हलपर आणि चाचणी करणारे यांची संख्या १५ टक्क्यांनी वाढेल असा आहे. पत्ते पाडणारा आणि नक्षी काढणारा हा आपला भेद त्यांनी वेगळ्या शब्दांत केलेलाच आहे.

माग_जॉबर

माझा संगणकाशी संबंध नाही, मी मागांची दुरुस्ती करतो. इलेक्ट्रॉनिक जकार्ड बंद पडले की दोन माणसे बोलवावी लागतात. एकाला माग कळतो आणि दुसऱ्याला सर्किट. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तोवर माल अडकून राहतो. दोन्ही कळणारा माणूस मिळाला तर मालक त्याला मागेल तेवढे पैसे देतो, पण असा माणूस पूर्ण वसाहतीत शोधावा लागतो.

होटगी_रस्ता

मी गेली बारा वर्षे सोलापुरातील कारखानदारांसाठी बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर बनवतो. गेले दीड वर्ष एआय रोज वापरतो आणि पुन्हा मागे जाण्याची माझी इच्छा नाही. मात्र गेल्या वर्षीचा एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो या प्रश्नाच्या मुळाशी जातो असे मला वाटते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चादरी आणि तशा तयार कापडी वस्तूंना नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर असेल तर १८ टक्के, असा नियम आला. आमच्या सर्व ग्राहकांच्या बिलांत हा बदल रातोरात करायचा होता. मी एआयला नियम मराठीतच समजावून सांगितला. त्याने पाच मिनिटांत कोड लिहिला, सोबत बावीस चाचण्या लिहिल्या आणि त्या सर्व उत्तीर्ण झाल्या. कोड इतका नीटनेटका होता, की मी स्वतः एवढा नेटका लिहिला नसता.

माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीचे वडील चादरींच्या दुकानात आहेत. तिने नवे बिल पाहिले आणि म्हणाली, ‘सर, साध्या चादरीला अठरा टक्के कसे लागले?’ बिलात ८५० रुपयांच्या ६० चादरी होत्या. एआयने मर्यादा एका नगाच्या किमतीला लावण्याऐवजी त्या ओळीच्या एकूण रकमेला, म्हणजे ५१,००० रुपयांना लावली होती. २,५५० रुपये कर व्हायला हवा होता, तो ९,१८० रुपये झाला होता. आणि बावीसच्या बावीस चाचण्या उत्तीर्ण का झाल्या? कारण प्रत्येक चाचणीत नगांची संख्या एकच होती! ज्याने चूक केली त्यानेच परीक्षेचा पेपर काढला होता. ते बिल त्या दिवशी बाहेर गेले असते, तर व्यापाऱ्याला प्रत्येक खरेदीदाराची समजूत काढत बसावे लागले असते आणि माझ्यावरचा विश्वास गेला असता.

त्या मुलीला मी आता पूर्वीपेक्षा अधिक पगार देतो. पण हेही खरे आहे, की पूर्वी माझ्याकडे कोड लिहिणारी आणखी दोन मुले होती, ती सोडून गेल्यावर मी त्यांच्या जागा भरल्या नाहीत. हिंजवडीकर आणि निवृत्त काका या दोघांचेही म्हणणे माझ्या एकाच कार्यालयात खरे ठरले आहे. माझे ग्राहक वाढले, कारण ज्या लहान कारखानदाराला पूर्वी माझा दर परवडत नव्हता त्याला तो आता परवडतो. माणसे मात्र कमी झाली.

जुळे_सोलापूर_आई

एवढे वाचल्यावर मी तर मुलीला इलेक्ट्रिकल घ्यायला सांगेन. विजेची गरज कोणतेही एआय आले तरी कमी होणार नाही, उलट वाढणार आहे.

शिकवणारी

मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. वरच्या ताईंना एवढेच सांगते, की मुलीला आवडत नसलेली शाखा भीतीपोटी देऊ नये. जेफ्री हिंटन यांच्यासारख्या एआयच्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या अभ्यासकाने २०१६ मध्ये सांगितले होते, की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांसारख्या प्रतिमा वाचून निदान करणारे डॉक्टर, तयार करणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले निदान करील. दहा वर्षे झाली, क्ष-किरणांच्या प्रतिमा यंत्रे वाचू लागली आहेत आणि रेडिओलॉजिस्टची गरज संपलेली नाही. हिंटन यांचा अंदाज ऐकून ज्यांनी ती शाखा सोडली असेल, त्यांचे नुकसानच झाले.

आता माझ्या वर्गातले सांगते, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. प्रयोगवह्या आता सगळ्यांच्या उत्तम असतात. तोंडी परीक्षेत मी एका मुलाला त्याच्याच प्रोग्रॅममधली एक ओळ दाखवून विचारले, की ही काढून टाकली तर काय होईल? त्याने बराच वेळ ओळीकडे पाहिले आणि म्हणाला, ‘मॅडम, काढून बघू का?’ मुलगा हुशार आहे. पण चुकण्याची आणि अर्धी रात्र एका चुकीमागे घालवण्याची संधी त्याला मिळालेलीच नाही, आणि ती त्याच्याकडून एआयने नव्हे, आम्ही शिक्षकांनी न बदललेल्या अभ्यासपद्धतीने काढून घेतली आहे. या वर्षीपासून मी उलटा क्रम सुरू केला आहे. एआयने लिहिलेला प्रोग्रॅम मीच देते, त्यात दोष आहे हे सांगते, आणि तो शोधून कागदावर पेनाने कारण लिहायला लावते. पहिल्या महिन्यात वर्ग माझ्यावर नाराज होता. होटगी रस्त्यावरच्या सरांचा जीएसटीचा प्रसंग मी, त्यांची परवानगी असेल तर, पुढच्या सत्रात जसाच्या तसा वर्गात देणार आहे.

हिंजवडीकरांना मात्र एक विचारायचे आहे. तुमच्या गटातले दोन अनुभवी कधीकाळी नवेच होते ना? नव्यांना घेणे सर्वच कंपन्यांनी बंद केले, तर आठ वर्षांनी तपासणारे कोठून येणार?

हिंजवडीतला_सोलापूरकर

मॅडम, हा प्रश्न आम्ही आमच्या वरिष्ठांना विचारला होता. प्रत्येक कंपनीला वाटते की नवी मुले दुसऱ्या कंपनीने तयार करावीत आणि आपण ती तयार झाल्यावर घ्यावीत. तिमाहीचा हिशेब पाहणाऱ्याला आठ वर्षांनंतरची टंचाई दिसत नाही. त्यामुळे पुढे कधीतरी अनुभवी माणसांचा मोठा तुटवडा पडेल, असे मलाही वाटते. पण तोवर उमेदीची वर्षे गेलेल्या मुलांना त्याचा उपयोग नाही.

आकडेमोड

एआयने वेग किती वाढतो, यावरही थोडे सांगायला हवे. एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर (METR) या संस्थेने जुलै २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे त्यांनी काही एआय घेऊन आणि काही न घेता केली. एआय घेतल्यावर त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला आणि तरीही आपण २० टक्के वेगाने काम केले असे त्यांना वाटत होते. साधने तेव्हापासून सुधारली आहेत, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु स्वतःला होणारा भास हा पुरावा धरून भरती थांबवणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हवा.

जकार्डवाला

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने ही चर्चा पूर्ण वाचली, काही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले.

काल रात्री वडिलांशीही बोललो. त्यांचे वय आता एक्क्याऐंशी आहे. मी त्यांना विचारले, की तुमचे काम नेमके कशाने गेले? ते म्हणाले, काम यंत्राने नेले हे खरेच आहे, पण ग्राफ वाचायची नजर यंत्राने नेली नव्हती. संगणकावर पहिली नक्षी उतरली तेव्हा छापलेला कागद पाहून त्यांनी लगेच सांगितले होते, की मोराच्या मानेजवळ धागा फार लांब मोकळा राहतो आहे, धुतल्यावर तो ओढला जाईल. तसेच झाले. तरीही त्यांना पुढे कोणी विचारले नाही, कारण ते संगणकासमोर बसत नव्हते आणि संगणकासमोर बसणाऱ्या मुलाला माग माहीत नव्हता. हे सर्व ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी त्या वेळी कारखाना उभा करण्याच्या गडबडीत होतो आणि त्यांना नक्षीच्या टेबलाजवळ नेऊन बसवावे, हे मलाही सुचले नव्हते. त्याचे वाईट वाटते.

मुलीचे ठरले आहे. कॉम्प्युटरच घ्यायचे, आणि शक्य झाले तर सोलापुरातच राहून, म्हणजे शिकता शिकता तिला कारखान्यातही येता येईल. आमच्याकडे जकार्डच्या नक्षीचे सॉफ्टवेअर आहे आणि वडील आहेत, दोघांकडून तिने शिकावे अशी माझी इच्छा आहे. मेहुणा अजून नाराज आहे. नोकरीची हमी कोणी देत नाही, हे मी ऐकले आहे आणि समजून घेतले आहे.

होटगी रस्त्यावरच्या सरांना विनंती, की प्रवेश होईपर्यंत चार-सहा दिवस मुलीला आपल्या कार्यालयात बसून काम पाहू द्यावे. आणि ‘पदवी_२०२५’ यांना सांगतो, की आमच्या साठ्याचा हिशेब अजून वहीवर आहे. काम लहान आहे, पण योग्य मोबदला देऊन करून घ्यायची माझी तयारी आहे.

पदवी_२०२५

अण्णा, मी करीन. आधी दोन दिवस कारखान्यात बसून वही कशी लिहितात ते पाहतो आणि मगच काय लागेल ते सांगतो.

होटगी_रस्ता

मॅडम, प्रसंग अवश्य वापरा. मी त्या दिवशीचा चुकलेला कोड आणि बावीस चाचण्या जपून ठेवल्या आहेत, त्या पाठवतो.

अण्णा, दोघांनाही सोमवारी सकाळी दहाला पाठवा. येताना आपल्या कारखान्याची चार-पाच जुनी बिले घेऊन यायला सांगा, ज्यांत निरनिराळ्या दराच्या चादरी आणि परत आलेला माल असेल. परताव्याच्या बिलात कराचा हिशेब कसा होतो, तिथूनच सुरुवात करू.